चढावरची टिकटिक

१

टिक टिक टिक टिक.

दुपारचे अडीच वाजले असतील. तान्ह्याला पाजता पाजता माझाच डोळा लागला होता. पाच वर्षांची विशाखा शेजारच्या अंगणात पोरींत खेळत होती. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, ज्वारीची पिशवी घेऊन चक्कीला निघाल्या होत्या. घर इतकं गप्प की तान्ह्याचा घोट ऐकू यावा. त्या गप्पपणात बाहेरच्या खोलीतून ती टिकटिक निघाली, उंबऱ्यावर जराशी अडखळली, अंगणातून गल्लीत गेली आणि गल्लीच्या चढावर बारीक बारीक होत विरून गेली.

सायकलीच्या मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलचा आवाज. आमच्या घरात तो घड्याळापेक्षा ओळखीचा. विशूचे बाबा आले आणि सायकल घेऊन गेले, असं मनाशी म्हणून मी पुन्हा डोळे मिटले. आणि लख्ख जागी झाले. हे आले असते तर आधी पाणी मागितलं असतं.

तान्ह्याला झोळीत टाकून बाहेर धावले. भिंतीला तीन खुंट्या, त्यांवर तीन शर्यतीच्या सायकली. काळी होती. तांबडी होती. मधली खुंटी रिकामी.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हिरवी गेली होती.

२

विशूचे बाबा, भीमराज, बिदरजवळच्या कोळार वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर. पंच्याऐंशी सालची ही गोष्ट. बाकीचे फिटर सुट्टीला पत्ते कुटायचे, आणि हे शर्यतीच्या सायकली जमवायचे. जमवायच्या म्हणजे विकत आणून टांगायच्या नव्हेत. एकेक हाड शोधून अख्खं जनावर उभं करायचं. हिरवीचा सांगाडा हैदराबादच्या जुन्या बाजारातला, बसच्या टपावरून आलेला. चाकं सोलापूरची. खाली वळलेलं हँडल कुण्या साहेबाच्या मोडक्या सायकलीचं. पायडलापाशी जी दातेरी चकती असते तिला भोकं पाडून पाडून यांनी तिचं वजन उतरवलं होतं. मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही. हँडलला गुंडाळलेली पट्टी माझ्या हिरव्या लुगड्याच्या काठाची, मीच शिवलेली.

सांगाड्याच्या नळ्या जुळतात तिथले सांधे नक्षीचे होते. त्या नक्षीत धुळीचा कण राहू नये म्हणून हे रोज सकाळी दातांच्या जुन्या ब्रशानं ते घासायचे. ब्रश हातात द्यायचा मान विशूचा. त्या सांध्यांचा मला कधी कधी हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

"उचलून बघ की आई," एकदा हे आत्यांना म्हणाले होते, "कोंबडीसारखी हलकी हाय." आत्यांनी खुंटीवरून काढली, परत अडकवली आणि म्हणाल्या, "आगं बया, हिच्यावर माजं पोरगं बसतंय व्हय?" आम्ही हसलो होतो.

मग गेला दसरा आला. हुमनाबाद ते बिदर शर्यतीत, पुलाच्या उतारावर हे हिरवीवरून पडले. तीन दिवस डोळा उघडला नव्हता. त्यानंतर मी चिडून म्हणाले होते, "हिला एक दिवस भंगारात घालते."

उद्या पुन्हा दसरा होता. पुन्हा तीच शर्यत. आणि चार वाजता हे विहारातली तयारी आटपून घरी आले ते रिकाम्या खुंटीसमोर उभेच राहिले.

"दार उघडं टाकून झोपलीस?"

"आपल्या दाराला कुलूप कधी होतं?"

"भंगारात घालते म्हणालीस न्हवं तू?"

सात वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मी म्हणाले, "व्हय तर. लेकराला झोळीत टाकून, सायकल डोक्यावर घेऊन पळाले."

ते ओशाळले, पण डोळ्यांतला संशय काही गेला नाही. त्याला दुसरं कुणी मिळेपर्यंत तो माझ्यावरच राहणार होता.

"सकाळी तिला कोण कोण बघून गेलं?" मी विचारलं.

दोघं. एक धोंडप्पा, चौकातला सायकल दुकानदार. हिरवीचा सांगाडा तो सहा वर्षं मागत होता. दुसरा हावगेप्पा, वरच्या गल्लीतला. यांच्याच कारखान्यात हंगामी होता, शर्यतीतला यांचा जोडीदार आणि वैरी. जाताना दारातून ओरडून गेला होता, "भीम्या, हिरवी माज्या बुडाखाली असती तर उद्या तुला माजी पाठ बी दिसली नसती!"

हे दात खाऊन म्हणाले, "हावग्याच."

३

हे इकडं तिकडं चौकशी करायला गेले, आणि मी तान्ह्याला कडेवर मारून धोंडप्पाच्या दुकानात.

"या अक्का. पंचर असंल तर उद्या या."

"पंचर न्हाई अण्णा. हिरवी गेली."

नारळाच्या शेंड्या सोलणारा त्याचा हात थांबला. "अन् तुमी सरळ माज्याकडं आलाव."

"सा वर्सं तुमीच मागायलाव तिला."

"अजूनबी मागायलोय," तो हसला. "आत या. खुशाल हुडका."

आत वर्तमानपत्रावर पाने, पकडी, हातोड्या ओळीनं मांडलेल्या. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. भाड्याच्या सायकलींच्या पुढच्या चाकाखाली एकेक लिंबू चिरडलेलं.

"आज खंडे नवमी. तुमच्यात पूजा न्हाई, म्हणून सांगतो," धोंडप्पा म्हणाला. "एकदा हत्यार पुजलं की उद्या सकाळपतूर जागचं हालवायचं न्हाई. हालवलं तर पूजा मोडली. म्या आज पाना बी धरलेला न्हाई, तुमची सायकल कुठं धरू? चोराला बी मुहूर्त बघावा लागतो, अक्का."

"दुपारी काही ऐकलंत?"

तो थोडा घुटमळला. "टिकटिक ऐकली. चढानं वर गेली. म्या आत व्हतो, बघितलं न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाला, "वर हावगेप्पाचीच गल्ली की."

बाहेर आले. शेजारच्या चक्कीच्या दाराला झेंडूचं तोरण होतं आणि खाली कुलूप. माझ्या डोक्यात मात्र हावगेप्पाच घुमत होता. धोंडप्पानं त्याचं नाव इतक्या चटकन का पुढं केलं, हेही घुमत होतं.

घरी आले तेव्हा आत्या परतल्या होत्या. ज्वारीची पिशवी तशीच भरलेली.

"चक्कीवर लई गर्दी व्हती," त्या म्हणाल्या. "उबं ऱ्हावंना. तान्हा रडला का गं?"

मी त्यांना हिरवीची बातमी सांगितली. त्या "आगं बया" म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या.

४

दिवेलागणीला हे वरच्या गल्लीकडं निघाले. मारामारी होईल या भीतीनं मीही मागोमाग गेले.

हावगेप्पाच्या अंगणात कडब्याची गंज होती. गंजीमागं घोंगडी टाकलेलं काहीतरी. यांनी घोंगडी ओढली. खाली हिरवी.

हावगेप्पा तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग त्यानं पहिल्यांदा कुणाकडं बघितलं असेल, तर आपल्या आईकडं. गुरुबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, पदर तोंडावर. आमच्या आत्या आणि त्या डाळीच्या गिरणीत बारा वर्षं शेजारी शेजारी बसून डाळ निवडत आल्या होत्या. आज त्यांनी मला "ये" म्हटलं नाही.

"बोल की," हे ओरडले. "दुपारी कुठं व्हतास?"

"भटकायलो व्हतो. कारखान्याची पूजा झाली, सुटी झाली."

"अन् ही?"

हावगेप्पानं मान खाली घातली. "माज्या अंगणात घावली न्हवं? मंग म्याच नेली म्हण."

"म्हण म्हंजे?"

"म्याच नेली."

गल्ली गोळा झाली होती. हे सगळ्यांच्या देखत म्हणाले, "उद्या नऊ वाजता मैदानावर शर्यतीच्या कमिटीपुढं सांगतो. तिथनं चौकीत. चोराच्या शेजारी सायकल लावणार न्हाई म्या."

गुरुबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दसऱ्यानंतर हंगामी पोरांची कायम व्हायची यादी लागणार होती, आणि हावगेप्पाचं नाव तिच्यात होतं. चौकीची पायरी चढलेल्याचं नाव कोण ठेवतं?

घरी येताना यांनी हिरवी खांद्यावर घेतली. हिरवी सापडली होती, चोर कबूल झाला होता. मला मात्र एकच बोचत होतं. चोरी पकडली गेली की माणूस पळवाट बघतो. हावगेप्पानं आईकडं का बघितलं?

५

सकाळी हे पांढरे कपडे घालून विहारात गेले. दसरा म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि विहाराचे सचिव हेच. छप्पन्न साली यांच्या वडलांनी देव्हाऱ्यातले देव मांजरा नदीत सोडले, ते यांनी पाळण्यातून ऐकलेलं. या घरात देवाचा विषयच निघत नाही.

मी दूध तापवत होते. विशू ब्रश हातात धरून हिरवीसमोर उभी होती, बाबांची वाट बघत.

"आई, हिच्या गळ्याला पिवळं लागलंय."

"गंज असंल."

"गंज पिवळा नसतो," ती म्हणाली, फिटरची लेक.

मी वाकून बघितलं. हँडलाखालच्या नक्षीच्या सांध्यात, जिथं फडकं पोचत नाही तिथं, पिवळी रेघ होती. नखानं कणभर काढून हुंगली. हळद. बाकी सगळी सायकल कुणीतरी घाईघाईनं पुसलेली. खाली पुढच्या टायरला काहीतरी चिकटलं होतं, लिंबाची बी.

हिरवीची पूजा झाली होती.

मी दूध उतरवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. शर्यत मारायला चोरलेल्या सायकलीला हळद लावून कुणी आपल्या हत्यारांच्या ओळीत मांडतं का? हळद लावणाऱ्याला हिच्यावर बसणाऱ्याचं भलं व्हावं असं वाटत होतं. आणि हिच्यावर बसणारा एकच होता.

सांधा उजेडात बघावा म्हणून मी हिरवीला खुंटीवरून काढलं, दाराकडं ढकलत नेलं.

टिक टिक टिक टिक.

मी थांबले. आवाज थांबला. पुन्हा ढकललं, पुन्हा टिकटिक.

पायडल मारत असलं की फ्रीव्हील गप्प असतं. पाय थांबवून सायकल उतारावर सोडली की वाजतं, किंवा हातानं ढकलत नेली की. आमच्या गल्लीला उतार नाही, चढ आहे. आणि काल ती टिकटिक उंबऱ्यापासून चढाच्या टोकापर्यंत एकदाही थांबली नव्हती. जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान सायकल हावगेप्पानं चोरली असती, तर टांग टाकून उडवली असती. नेणारा तिला ढकलत घेऊन गेला, कारण त्याला बसता येत नव्हतं.

ज्याला सायकल येत नाही, पण खुंटीवरून ती कशी काढायची ते ठाऊक आहे. जिला ती कोंबडीसारखी हलकी लागली होती.

अंगणात दोरीवर आत्यांचं पांढरं लुगडं वाळत होतं. पहाटेच सोडा घालून धुतलेलं. पोटरीच्या उंचीवर, डाव्या अंगाला, एक काळपट पट्टा तरी राहिलाच होता. सायकल चालवणारा माणूस सायकलीच्या डाव्या बाजूनं चालतो, चेन पलीकडं राहते. ज्यानं उभ्या जन्मात सायकल हातात धरली नाही तोच चेनीच्या बाजूनं चालेल आणि वंगण अंगाला लावून घेईल.

आणि मग मला कुलूप आठवलं. झेंडूच्या तोरणाखालचं. काल गावात कुठल्याच चक्कीवर गर्दी नव्हती.

६

"आत्या," मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "काल चक्की बंद होती."

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही, पण भाकरी फाटली.

"कळलं व्हय तुला," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी तोच फाटका पिठाचा गोळा मळला. "म्या देव मानत न्हाई सुमन. ह्यांनी नदीत सोडले तवा म्याबी हात जोडून निरोप दिलता, पुन्यांदा मागं बघितलं न्हाई. पर गेल्या साली तीन दिस त्यानं डोळा उघडला न्हाई. कुणाला हाक मारावी कळंना. गुरुबाई म्हणाली, आमच्या ओळीत ठिव, एक डाव हळद लागू दे, तुज्या जिवाला गार वाटंल."

"मग लगेच आणली का न्हाई?"

"आणणारच व्हते गं. भीमा यायच्या आत. तिनं लिंबू दाबलं, नारळ फोडला, अन् मंग म्हणाली, आता उद्यापतूर हालवू नगं, पूजा मोडंल. तीस वर्सं घरात नवमी न्हाई, हे म्या इसरूनच गेलते!" त्यांनी मनगटानं डोळे पुसले. "पूजा मोडायची म्हंजे पोराच्या जिवावर. हात उचलंना. मंग तुमी यायलाव कळलं, तशी गुरुबाईनं जागच्या जागी घाईघाईनं पुसली, घोंगडी टाकली. म्या तिच्याकडनं वचन घेतलतं, मरस्तवर बोलायचं न्हाई."

"आणि हावगेप्पा?"

"त्याला वाटलं त्याच्या आईनंच त्याच्यासाटी उचलली. अंगावर घेतलं येड्यानं."

"त्याचं नाव यादीतनं जाईल, आत्या."

"ठावं हाय. रातभर तेच डोळ्यापुढं." त्यांनी वर बघितलं. "सचिवाची माय हळदीला गेली, हे भीमाला कोणत्या तोंडानं सांगू? तू सांगशील?"

मी काही बोलायच्या आत बाहेर चपलांचा आवाज आला.

हे वंदना करून आले होते. विशूनं धावत जाऊन ब्रश हातात दिला. हे खाली बसून हिरवीचं चाक घासू लागले, तोंड कालच्यासारखंच आवळलेलं. साडेआठ झाले होते.

मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले. ठरवलं होतं तेवढंच बोलले.

"काल मी ती जाताना ऐकली. चढ संपेस्तवर टिकटिक टिकटिक. मधे एकदाबी थांबली न्हाई."

"मंग?"

"मंग काही न्हाई. तुमी सायकलवाले. म्हणून सांगितलं."

ब्रश दोन वेळा फिरला आणि थांबला. त्यांच्या कपाळावर मला तो चढ दिसला, त्यावरून कुणीतरी ढकलत चाललेलं दिसलं. त्यांनी मान वर केली. नजर अंगणात गेली, दोरीवरच्या पांढऱ्या लुगड्यावर, त्या काळ्या पट्ट्यावर, आणि तिथंच राहिली. आत चुलीत एक काटकी तडकली, ती ऐकू आली.

मग त्यांनी टायरवरून लिंबाची बी काढली, तळहातावर घेऊन बघितली, खिशात टाकली. ब्रश हळूहळू वर चढला. हँडलाखालच्या सांध्यापाशी आला. पिवळ्या रेघेपाशी थांबला.

विशू बघत होती. मीही.

त्यांनी ब्रश विशूच्या हातात परत दिला आणि उठले.

"आई," त्यांनी आत हाक मारली, "भाकरी बांध. दोगांच्या. हावग्याची बी." थोडं थांबून म्हणाले, "पीठ पुरंल न्हवं? चक्की तर बंद व्हती काल."

आत पिठाचा डबा वाजला. मग आत्यांचा आवाज आला, ओला. "हाय रं बाबा. पुरंल."

त्यांनी भाकरीचं गाठोडं पाठीला बांधलं आणि हिरवीला घेऊन बाहेर पडले. बसले नाहीत. ढकलत नेली. टिकटिक चढावर गेली, वरच्या गल्लीत वळली आणि थांबली. मग त्यांचा आवाज, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"हावग्या! मैदानावनं हुमनाबादची लॉरी सुटंल की रं! चल!"

"चोराला हाक मारायलास व्हय?" हावगेप्पाचा आवाज फुटलेला होता.

"कोण चोर? म्याच गुरुमावशीकडं ठिवायला दिलती हिरवी. अन् म्याच इसरलो. माजं डोस्कं पुलावर आपटल्यापासनं असंच हाय!"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. गुरुबाईंचं रडणं त्या हसण्यात मिसळलं. आत्या माझ्यामागं चौकटीत येऊन उभ्या होत्या, पिठाचे हात तसेच.

दोन सायकली मैदानाकडं निघाल्या. या वेळी टिकटिक आली नाही. पायडल मारत होते.

विशू अजून ब्रश धरून उभी होती. रिकाम्या खुंटीकडं बघत, कपाळाला आठ्या घालून.

"आई, बाबांनी ते पिवळं कामून ठिवलं?"